औलीत स्की केबिन बांधायचीय, पण डोंगराचा बट्ट्याबोळ न करता

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींना हल्ली हिमालयाचं भारीच वेड लागलंय. आधी चारधाम व्हायचं, मग मनालीची फॅमिली टूर, आता पोरं उत्तराखंडातल्या औलीला नाहीतर काश्मिरातल्या गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा कोर्स करून येतात आणि घरी आल्यावर बाबांच्या मागे लागतात की तिकडे आपली एक छोटीशी केबिन पाहिजे. मी इंदुरातच घरांची डिझाइनं करते, सुदामा नगर, लोकमान्य नगर, बायपासच्या कॉलन्या हे माझं रोजचं काम, पण डोंगरातल्या कामातही हात घातलाय, आणि दोन्हीकडचं बघून एक गोष्ट पक्की झालीये की आपण इथल्या सवयी बॅगेत भरून वर नेतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

लोक माझ्याकडे येतात ते रंग नाहीतर लाकूड विचारायला. बाहेरून लाकूड मारलं की झालं ना नॅचरल? नाही हो होत. घर डोंगरात मिसळणार की डोळ्यात खुपणार हे ठरतं ते घर प्लॉटवर नेमकं कुठे बसवलं, केवढं बांधलं आणि त्यासाठी डोंगर किती कापला यावर. एवढं चुकलं की मग वर कितीही देवदार लावा, समोरच्या धारेवरून ते हॉटेलसारखंच दिसतं.

जमीन घ्यायच्या आधी

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. हिमाचलमध्ये बाहेरच्या माणसाला सरळ जाऊन जमीन घेता येत नाही, तिथल्या जमीन कायद्याचं कलम ११८ आडवं येतं, सरकारची परवानगी लागते. उत्तराखंडात २०२५ च्या बदलानंतर हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर सोडून बाकी ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची किंवा बागायतीची जमीन विकत मिळत नाही, आणि औली ज्या चमोली जिल्ह्यात आहे तो त्या ११ मध्येच येतो. राहायच्या घरासाठी पालिका हद्दीबाहेर २५० चौरस मीटर जमिनीची मर्यादा आहे, तीही एका कुटुंबाला एकदाच. त्यामुळे "माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्या नावावर घेऊन टाकू" असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि तिथल्याच वकिलाकडे जा. लीजवर स्थानिक कुटुंबाच्या जागेत बांधायचा रस्ता असतो, तोही वकिलाला विचारूनच. एक सांगू का, ही २५० चौरस मीटरची मर्यादा ऐकून लोकांचं तोंड उतरतं पण डिझाइनच्या दृष्टीनं मला ती बरीच वाटते, कारण लहान घरच लपतं, मोठं घर कधीच लपत नाही.

दुसरं, जमिनीखाली काय आहे ते. जोशीमठचं जानेवारी २०२३ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले, लोकांना राहती घरं सोडावी लागली. १९७६ च्या मिश्रा समितीनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर बसलंय, इथे जड बांधकामं नकोत. आणि औली बरोब्बर जोशीमठच्या डोक्यावर आहे. शिवाय हा सगळा भाग भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यातला, १९९१ ला उत्तरकाशी आणि १९९९ ला चमोली हादरलं होतं. म्हणून टोकन द्यायच्या आधी भूगर्भवाल्या माणसाकडून प्लॉट तपासून घ्या, व्ह्यू नंतर बघा.

तिसरं हिमस्खलन. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून बर्फ सुटतो, त्याहून सपाट असेल तर सहसा सुटत नाही आणि खूपच उभा असेल तर साठतच नाही. म्हणजे तुमचा प्लॉट सपाट असला तरी त्याच्या वर काय आहे ते बघायचं. जंगलात मधूनच उभी पट्टी रिकामी दिसतेय का, त्या पट्टीतली झाडं सगळी लहान आणि एकाच वयाची आहेत का, जुन्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या आहेत का. असं काही दिसलं की तिथून निघायचं, प्लॉट कितीही स्वस्तात मिळत असला तरी, किंबहुना तो स्वस्त का आहे हे तेवढ्यात कळतंच. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो बोट दाखवून सांगतो की अमक्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या घळीत, उतरायचं नाही, ते ऐकायचं.

व्ह्यूच्या जागेवर घर बांधू नका

माझ्या एका क्लायंट काकांनी प्लॉटचा व्हिडिओ दाखवला, पुढच्या टोकाला एक उंचवटा, तिथून नंदादेवीचं शिखर समोर. काका म्हणाले, "अगं इथेच बांधायचं ना, जेसीबी लावून प्लेन करून घेऊ, दोन दिवसांचं काम." मी म्हटलं, "काका, तो उंचवटा रिकामा ठेवू, तिथे फक्त एक दगडी कट्टा करू, घर मागे आणि जरा खाली बसवू." त्यांना पटेना. पण विचार करा, जी जागा तुम्हाला सगळ्यात जास्त आवडली तिथेच घर बांधलं तर ती जागा संपलीच की, आणि जिथून तुम्हाला सगळं दिसतं तिथून तुम्हीही सगळ्यांना दिसता. वर वाऱ्याचा मारा असतो तो वेगळाच.

नियम सोपा आहे, छपराचा माथा मागच्या धारेच्या किंवा झाडांच्या रेषेवर जाता कामा नये. आकाशाच्या पार्श्वभूमीवर जे काही येतं ते दोन किलोमीटरवरून नजरेत भरतं, आणि तेच डोंगराच्या पोटाशी असेल तर शोधावं लागतं. तपासायचं कसं, तर प्लॉटवर घराच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये आढ्याच्या उंचीचे बांबू उभे करायचे, टोकाला लाल कापड बांधायचं आणि मग खालच्या रस्त्यावर, समोरच्या उतारावर, स्की करत येतील त्या बाजूला जाऊन मोबाइलवर फोटो काढायचे. झूम न करता. लाल कापड आकाशावर दिसलं की घर खाली सरकवा नाहीतर उंची कमी करा. यात अर्धा दिवस जातो आणि कागदावर महिनाभर चालणारा वाद मिटतो. काकांचा वाद असाच मिटला, फोटोत एक कापड सरळ नंदादेवीच्या पोटात घुसलेलं दिसत होतं.

आता कापाकापी. आपल्याकडे प्लॉट म्हणजे प्लेन, आणि प्लेन नसला तर तो करून घ्यायचा असं डोक्यात बसलेलं असतं. डोंगराचा पायथा कापला की वरची माती आधार सुटून खाली यायला बघते, आणि कापलेली माती खालच्या अंगाला ढकलून दिली की जो पांढरट ओरखडा पडतो तो वर्षानुवर्षं भरत नाही. घर उताराच्या रेषेला समांतर, म्हणजे लांब बाजू आडवी आणि रुंदी कमी असं बसवलं तर कापावं फार कमी लागतं. आत दोन किंवा तीन पातळ्या करा, स्वयंपाकघर वरच्या पातळीवर, बसायची खोली तीन फूट खाली, अशा पायऱ्या डोंगराबरोबर उतरू द्या. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर निजायची एक खोली आणि बाथरूम एंट्रीच्याच पातळीला ठेवा, म्हणजे चढ-उतार त्यांच्या वाट्याला येत नाही.

काही जण म्हणतात की मग कॉलमवरच उभं करू, डोंगराला हातच लावायचा नाही. दिसायला छान, पण उतारावर एका बाजूचे कॉलम लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड होतात, आणि भूकंपात आखूड कॉलमवर सगळा जोर येऊन तेच आधी फुटतात. करायचंच असेल तर भूकंपाचं काम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करा, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजावर नाही. मला स्वतःला पायऱ्यापायऱ्यांचं फाउंडेशन जास्त भरवशाचं वाटतं.

फाउंडेशनचं अजून एक. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि आपले दरवाजे अडकायला लागतात, हे इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर तोच प्रकार थंडीत होतो, मातीतलं पाणी गोठलं की ते नऊ टक्क्यांनी फुगतं आणि उथळ पाया उचलून धरतं, उन्हाळ्यात परत सोडतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा आणि भोवती खडीची नाली करून पाणी लांब काढायचं. पाणी साठलंच नाही तर गोठणार काय. आणि हे बर्फापुरतंच नाही, तिथला जुलै-ऑगस्टचा पाऊस बर्फापेक्षा जास्त नुकसान करतो, म्हणून घराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी वळवा आणि ओढा-नाळ असेल ती बुजवू नका, कोरडी दिसली तरी.

कार्डबोर्डचं घर आणि मैद्याची चाळणी

छपराचं डिझाइन करताना मी एक गमतीशीर प्रयोग करते, कोणालाही घरी करता येतो. प्लॉटचा कंटूर नकाशा, म्हणजे चढउताराच्या रेषा दाखवणारा नकाशा घेऊन थर्मोकोलच्या शीटा एकावर एक चिकटवून डोंगर करायचा, त्यावर कार्डबोर्डची केबिन १ ला १०० या स्केलनं, आणि मग स्वयंपाकघरातली बारीक चाळणी घेऊन वरून मैदा चाळायचा. जमिनीवर आधी पेपर पसरा नाहीतर घरातल्यांची बोलणी खावी लागतील. मैदा कुठे साठतो ते बघत राहायचं. दोन छपरं जिथे आत मिळतात त्या घळीत ढीग होतो, चिमणीच्या वरच्या अंगाला ढीग होतो, छोट्या छोट्या शोभेच्या खिडक्या छपरातून बाहेर काढल्या असतील तर प्रत्येकीच्या मागे एकेक ढीग. मग टेबल फॅन सगळ्यात हळू लावून लांबून वारा द्यायचा, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला भिंतीलगत मैदा चढायला लागतो. आपण एंट्री नेमकी तिथेच ठेवलेली असते! म्हणजे जानेवारीत फावड्यानं दार उकरायचं. मैद्याचं वजन आणि चिकटपणा बर्फासारखा नसतो त्यामुळे यातून लोडचा हिशोब काढू नका, पण आकारातली चूक मात्र डोळ्यांसमोर येते आणि क्लायंटला लेक्चर द्यावं लागत नाही. इंटरनेटवरचं पाच टोकांचं स्विस छप्पर हट्टानं मागणारी एक पार्टी या प्रयोगानंतर गपचूप साध्या दुपाखी छपरावर आली.

साधं दुपाखी छप्पर, उताराच्या दिशेशी जमणारं, घळी नाहीत, कोपरे नाहीत. दिसायलाही तेच डोंगरात बसतं कारण आसपासच्या गावातली जुनी घरं तशीच असतात.

हिशोब असा की ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, पण बसलेला जुना बर्फ २०० ते ३०० किलो आणि ओला असेल तर ४०० च्या पुढे. म्हणजे छपरावर एक मीटर बसलेला बर्फ असेल तर चौरस मीटरला ३०० किलो, आणि ६० चौरस मीटरच्या लहानशा छपरावर १८ टन. इंदुरात गच्चीसाठी आपण चौरस मीटरला १५० किलोचा लोड धरतो, म्हणजे इथला सळयांचा हिशोब तिथे सरळ उचलून नेला तर काय होईल ते बघा. बर्फाच्या लोडसाठी आयएस ८७५ चा भाग ४ आहे, तुमच्या इंजिनियरनं तो वापरलाय का हे विचारायला लाजू नका.

आता बर्फ घसरू द्यायचा की धरून ठेवायचा. गुळगुळीत पत्र्यावरून बर्फ एकदम धप्पकन खाली येतो, खाली माणूस असला तर जीवावर बेततं. खडबडीत दगडी पाट्यांचं छप्पर, ज्याला गढवालात पठाल म्हणतात, बर्फ धरून ठेवतं, कडेला बर्फ अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या लावायच्या. मी धरून ठेवायच्या बाजूची आहे, स्ट्रक्चर जड करावं लागतं खरं, पण बर्फाचा थर स्वतःच गोधडीचं काम करतो आणि पांढऱ्या डोंगरात पांढरं छप्पर दिसेनासं होतं. फुकटात! पठाल परवडत नसेल किंवा चांगले कारागीर मिळत नसतील तर गडद राखाडी मॅट पत्रा, पण तो लाल आणि तो हिरवा पत्रा कृपा करून नको, मनालीकडे जाताना दरीभर जे ठिपके दिसतात ते त्याचेच.

दार कुठल्याही परिस्थितीत छपराच्या उताराखाली नको, त्रिकोणी भिंतीच्या बाजूला ठेवा, म्हणजे वरून बर्फ अंगावर येत नाही. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. रात्रीत बाहेर कमरेएवढा बर्फ साठला तर बाहेर उघडणारं दार हलतच नाही. साधी गोष्ट आहे, ड्रॉइंगमध्ये दार उघडण्याची कमान उलटी काढायची असते फक्त.

बऱ्याच फोटोंमध्ये केबिनच्या छपराच्या कडेला बर्फाच्या लांब लांब सुया लोंबताना दाखवतात, लोकांना फार आवडतं. मला ते दिसलं की कळतं की या घराची उष्णता छपरातून गळतेय. आतली गरमी वर जाऊन बर्फाचा खालचा थर वितळवते, ते पाणी घसरत कडेला येतं, कडा थंड असते म्हणून तिथे गोठतं, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागून येणारं पाणी अडून पाट्यांच्या खालून घरात शिरतं. उपाय म्हणजे सीलिंगवर भरपूर रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारी दगडी लोकर, आणि त्याच्यावर छपराच्या खाली हवा खेळायला फट, खालून वर आढ्यापर्यंत, म्हणजे छप्पर थंडच राहतं.

भिंती, दगड आणि राजवाडा

इंदूरच्या लोकांना मी राजवाडा आठवायला सांगते. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. खाली जड आणि वर हलकं ही अक्कल आपल्याकडेही होती. हिमालयात हेच अजून पुढे नेलेलं दिसतं, काठकुणी पद्धतीत एक थर दगडाचा आणि एक थर देवदाराच्या ओंडक्यांचा, असं आलटून पालटून चुन्याशिवाय भिंत रचतात, भूकंपात ती थोडी हलते पण कोसळत नाही. कुलूजवळचा नग्गरचा किल्ला तसाच आहे. उत्तरकाशीकडे कोटी बनाल शैलीची उंच जुनी घरं १९०५ चा कांगड्याचा आणि १९९१ चा उत्तरकाशीचा असे दोन्ही भूकंप झेलून उभी आहेत. काश्मिरात धज्जी देवारी, म्हणजे लाकडी चौकटीत छोटे छोटे भाग पाडून त्यात दगड-माती भरायची. नवीन घर बांधताना यातलं आपल्या भागातलं काय आहे ते आधी बघा, औलीत काश्मीर आणू नका आणि गुलमर्गमध्ये स्वित्झर्लंड आणू नका.

अडचण अशी की देवदार बाहेरच्या माणसाला सहजी मिळत नाही, उभं हिरवं झाड तोडायला तर विचारूच नका. पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड मिळतं, ते घ्या, रंग तर इतका सुंदर असतो की पॉलिशवाल्याला बोलवायची गरज नाही. पूर्ण घर लाकडाचं करायची जिद्दही नको. जमिनीपासून तीन-चार फूट स्थानिक दगडाचं जोतं, म्हणजे बर्फ आणि ओल लाकडाला लागणार नाही, आणि वर हलकी चौकट, हे कॉम्बिनेशन चांगलं चालतं.

दगड मात्र तिथलाच. आपल्याकडे जैसलमेरचा पिवळा आणि धौलपूरचा गुलाबी दगड फार चालतो, शोरूमवाले तो वरही पाठवायला तयार असतात. नको. प्लॉट खणताना निघालेला दगड बाजूला ठेवा आणि तोच वापरा, डोंगरात तो जसा आडवा थरात असतो तसाच आडवा रचा. आणि आरसीसी भिंतीवर पातळ दगडाच्या टाइल चिकटवणं हे तर नकोच, मागे पाणी शिरून गोठलं की तीन-चार हिवाळ्यांत खपल्या निघायला लागतात.

लाकूड म्हणजे आग, हेही आलंच. १९८४ ला राजवाड्याचं लाकूडकाम जळालं ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. केबिनमध्ये बुखारी, म्हणजे खोली गरम करायची धुराड्याची शेगडी, लावणार असाल तर तिच्याखाली आणि मागे दगडी पाटी, छपरातून जाणाऱ्या पाइपला दुहेरी कवच आणि लाकडापासून अंतर, आणि खोलीत बाहेरची हवा आत येणारा छोटा मार्ग. खिडक्या पॅक करून शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं कार्बन मोनॉक्साइडनं जातात, दर हिवाळ्यात पेपरात येतं. अलार्म फार महाग नसतो, लावून टाका.

काचा आणि रंग

"समोरची सगळी भिंत काचेची करा ना" ही मागणी शंभर टक्के येते. काचेची भिंत रात्री उष्णता पळवते आणि दिवसा दुपारच्या उन्हात समोरच्या डोंगरावरून आरशासारखी चमकते, मग कुठलं मिसळणं आणि कुठलं काय. दक्षिणेला मध्यम आकाराच्या खिडक्या, डबल काच, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येतील अशा. उत्तरेला जेमतेम. औलीला २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३६ अंशच वर असतो, इंदुरात तोच ४४ अंश असतो, आणि जूनमध्ये औलीला तो ८३ अंशांवर चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर छप्पर दोन फूट बाहेर काढलं तर जूनमध्ये सगळी खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये वरच्या दीड फुटावरच सावली पडते, बाकी ऊन सरळ आत. छप्पर बाहेर काढलं की काच चमकायचंही कमी होतं.

रंगाबद्दल थोडक्यात. शेड कार्ड घेऊन दुकानात उभं राहू नका, प्लॉटवर जा, तिथली ओली माती, झाडाची साल, दगड याच्याशेजारी कार्ड धरा, आणि जो जुळेल त्याच्यापेक्षा एक-दोन शेड गडद घ्या, कारण सपाट भिंत लांबून नेहमी मूळ रंगापेक्षा फिकट दिसते. सगळं मॅट. चकचकीत वार्निश तर अजिबात नाही, तेल देऊन लाकूड सोडून द्या, काही वर्षांत ते स्वतःच रुपेरी राखाडी होतं. आणि फक्त बर्फाचा विचार करून रंग ठरवू नका, बर्फ चार महिने, बाकीचे आठ महिने तिथे हिरवं आणि तपकिरी असतं.

घर सुंदर करून मग त्याची वाट लावणाऱ्या गोष्टी म्हणजे छपरावरची काळी पाण्याची टाकी, डिश, लोंबणाऱ्या वायरी आणि गेटपासून दारापर्यंतचे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक. टाकी घरात, जिन्याखाली, नाहीतर ती गोठणारच आहे. वायरी जमिनीखालून. सोलर पॅनल दक्षिणेच्या भिंतीवर बरंच उभं, बर्फ टिकत नाही. बाहेरचे दिवे खाली बघणारे आणि कमी, त्या फ्लडलाइटनं तारेही दिसत नाहीत. खणायच्या आधी वरची गवताची माती चौकोनी तुकड्यांत काढून सावलीत ओली ठेवा, काम झालं की परत अंथरा, लॉन लावायचं नाही, झाड लावायचंच असेल तर बुरांश किंवा बांज, तिथलंच.

आतलं थोडं

एंट्रीला लागूनच स्कीची खोली पाहिजे, आणि ती पुरेशी मोठी पाहिजे. सहा जणांची फॅमिली एकदम ओल्या कपड्यांत आत येते, प्रत्येकाच्या दोन स्की, दोन काठ्या, ते अवजड प्लास्टिकचे बूट, हेल्मेट, हातमोजे. फरशी दगडी आणि मधल्या जाळीकडे उतार, बसायला लांब बाकडं म्हणजे बूट काढताना एकमेकांना धरून उड्या माराव्या लागत नाहीत. स्की उभ्या ठेवायला भिंतीवर खुंट्या, कडा पुसून ठेवायच्या, ओल्या राहिल्या तर गंजतात. बूट आतून वाळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पाय गारठतात, आणि थंड प्लास्टिक इतकं कडक होतं की बूट पायात जात नाही, म्हणून बुटांत कोमट हवा सोडणारे पाइप लावा. बुखारीवर बूट ठेवायचे नाहीत, वितळतात. या खोलीला घरात जायचं दुसरं दार असू दे, म्हणजे थंडी तिथेच अडते.

स्वयंपाकघराला एक्झॉस्ट हवाच. आपण इंदूरचे लोक सकाळी वाफेवरचे पोहे केल्याशिवाय राहणार नाही, आणि ती वाफ लाकडी भिंतीत शिरून आत गार थराला लागली की पाणी होऊन रॉकवूल भिजतं. म्हणून वाफ अडवणारी शीट नेहमी रॉकवूलच्या आतल्या, म्हणजे गरम बाजूला लावायची. मिस्त्री बाहेरून लावून मोकळा होतो, उभं राहून बघा. त्या उंचीवर पाणी साधारण ९० अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळीला कुकरशिवाय पर्याय नाही. पोह्यांवर घालायचं जिरावण घरूनच न्या.

पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून न्यायचे नाहीत, सगळे आतल्या भिंतीतून, सगळ्यांना एका बाजूला हलका उतार आणि सगळ्यात खालच्या जागी एक व्हॉल्व, तो उघडला की पूर्ण घर रिकामं व्हायला पाहिजे. बांधकाम चालू असतानाच पाणी भरून आणि सोडून बघा, कुठे पाइपला पोट आलं असेल तर तेवढंच पाणी आत राहतं आणि तोच तुकडा फुटतो.

कामाचा सीझन लहान असतो, मे-जून आणि मग पाऊस गेल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणून दोन वर्षं धरूनच चला. पहिल्या वर्षी पाया, जोतं आणि पाण्याचे चर, मग एक पावसाळा आणि एक हिवाळा त्याला बघू द्या, कुठे माती सरकते, बर्फ कुठे साठतो, ओल कुठे येते, त्याप्रमाणे वरचं ड्रॉइंग बदला. रस्ता संपल्यावर पुढे माल खच्चरांवर जातो, त्यामुळे एका खच्चराला झेपेल एवढ्याच लांबीचं आणि वजनाचं सामान डिझाइन करायचं, बारा फुटी काच वर जात नाही.

केबिन वर्षातले दहा महिने बंद राहणार, तेव्हा गावातल्या एका माणसाशी सुरुवातीलाच पगाराचं बोलून ठेवा. छपरावर किती फूट बर्फ चालतो ते इंजिनियरकडून घेऊन त्रिकोणी भिंतीवर तेवढ्या उंचीची खूण करून द्या, त्याच्यावर गेला की त्यानं खाली करायचा, आणि दोरी बांधून, एकट्यानं नाही. निघताना मेन व्हॉल्व बंद, खालचा व्हॉल्व उघडा, सगळे नळ उघडे, गीझर आणि फ्लशची टाकी रिकामी, सिंकच्या आणि बाथरूमच्या जाळीत पाणी न गोठू देणारं लिक्विड ओतायचं. ही यादी लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण गाडी लागलेली असते, पोरं आरडाओरडा करत असतात आणि फ्लशची टाकी हमखास राहून जाते.